अमेरिका आणि जपान: दोन देशांची लाकडी फर्निचरची आयात ताडून पाहायची तर

"अमेरिका की जपान, एवढंच सांग. सोमवारी मीटिंग आहे." शुक्रवारी दुपारी साहेबांनी असं म्हटल्यावर मी दोन तासांत आकडे उतरवले, एक झकास आलेख काढला आणि खूश होऊन घरी गेलो. अमेरिकेची रेघ वर चाललेली, जपानची खाली. सोमवारी आमच्याकडे शिपिंगची कागदपत्रं बघणाऱ्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न विचारला: "हे आकडे सीआयएफ आहेत की एफओबी?" मला उत्तर देता आलं नाही. पुढचे तीन आठवडे मी तोच आलेख चार वेळा नव्याने काढला आणि चारही वेळा चित्र वेगळं आलं. लाकूड तेच होतं, मोजपट्टी बदलत होती.

तुम्ही निर्यातदाराकडे नव्याने लागला असाल किंवा अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतला असेल, तर माझे तीन आठवडे वाचवा. उदाहरण अमेरिका आणि जपानचंच ठेवतो. पद्धत कुठल्याही दोन देशांना लागू पडते.

काय काय लागेल

- यूएन कॉमट्रेडवर (संयुक्त राष्ट्रांचा जागतिक व्यापाराच्या आकड्यांचा साठा) मोफत खातं. खात्याशिवाय फक्त ५०० ओळींची झलक दिसते.
- अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचं डेटावेब. इथेही नोंदणी मोफत आहे.
- जपानच्या सीमाशुल्क खात्याची आकडेवारी. संकेतस्थळावर इंग्रजी पानं आहेत, घाबरू नका.
- दर वर्षीचा सरासरी येन-डॉलर दर, अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक, दोन्ही देशांची लोकसंख्या.
- एक्सेल किंवा गूगल शीट.
- एक वही. हो, वहीच. का ते शेवटी येईल.

१. आकडे उघडण्याआधी प्रश्न एका ओळीत लिहा

"कोण जास्त आयात करतं" हा प्रश्नच नाही. अमेरिकेची लोकसंख्या ३३ कोटींच्या पुढे आणि जपानची साडेबारा कोटींच्या आत, म्हणजे उत्तर शाळकरी पोरगंही देईल. "२००० पासून कोणाची आयात जास्त वेगाने वाढली?", "माणशी कोण जास्त घेतं?", "कोणाच्या बाजारात पुरवठादार बदलतात, म्हणजे आपल्याला शिरकाव मिळू शकतो?" हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींचे आकडे वेगळे काढावे लागतात. माझ्या साहेबांना खरं तर तिसरा हवा होता. मी पहिल्याचं उत्तर देत बसलो.

२. कोड ठरवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

प्रत्येक मालाला सीमाशुल्काचा एक कोड असतो आणि त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. त्यापुढे भारत आठ आकड्यांपर्यंत जातो, जपान नऊ आणि अमेरिका दहा. तुलना करायची म्हणजे सहा आकड्यांवर थांबायचं. लाकडी फर्निचरसाठी कामाचे कोड हे:

- ९४०३३०: ऑफिसचं लाकडी फर्निचर
- ९४०३४०: स्वयंपाकघरातलं
- ९४०३५०: बेडरूमचं
- ९४०३६०: बाकीचं सगळं लाकडी (जेवणाचं टेबल, पुस्तकांचं कपाट, टीव्ही युनिट)
- ९४०१६१: लाकडी सांगाड्याच्या, गादी लावलेल्या खुर्च्या आणि सोफे
- ९४०१६९: लाकडी सांगाड्याच्या, गादी नसलेल्या

पहिला खड्डा: नुसतं "९४०३" उतरवून त्याला लाकडी फर्निचर म्हणायचं. त्यात लोखंडी कपाटं येतात, प्लॅस्टिकचं सामान येतं, वेताचं आणि बांबूचंही येतं. दुसरा खड्डा: ९४०३ आणि ९४०३६० दोन्ही उतरवून बेरीज करायची. म्हणजे एकच टेबल दोनदा मोजलं गेलं.

तिसरा जरा छुपा आहे. सोफा लाकडी फर्निचर आहे का? बाहेरून कापड, आत फोम, सांगाडा लाकडाचा. कोडच्या भाषेत तो लाकडी सांगाड्याचं आसन. काही अहवाल त्याला धरतात, काही धरत नाहीत, आणि अमेरिकेत सोफे इतके येतात की धरणं-न धरणं यानेच चित्र पालटतं. युरोपीय संघाच्या २०१३ पासून लागू झालेल्या लाकूड नियमावलीतही टेबलं आणि पलंग होते, खुर्च्या मात्र वगळलेल्या होत्या. म्हणजे सरकारांचंही यावर एकमत नाही. तुम्ही एक बाजू धरा, वहीत लिहा आणि दोन्ही देशांना तीच लावा. मी दोन वेगळे आलेख काढतो, सोफ्यासकट आणि सोफ्याशिवाय.

आणि "लाकडी" म्हणजे सागवान-शिसम असं मनात आणू नका. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं, एमडीएफचं कपाटही याच कोडात येतं.

कोडची यादी दर काही वर्षांनी बदलते: १९९६, २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२. आपलं नशीब असं की वरचे सहा कोड या बदलांतून जसेच्या तसे राहिलेत. सुट्या भागांचं मात्र तसं नाही. २०२१ पर्यंत खुर्च्या सोडून बाकी फर्निचरचे सगळे सुटे भाग ९४०३९० मध्ये एकत्र होते. त्यानंतर लाकडी भागांना ९४०३९१ हा वेगळा कोड मिळाला. फिरत्या खुर्च्यांचंही तेच: लाकडी फिरती खुर्ची २०२२ पासूनच वेगळी दिसते. म्हणून लांब पल्ल्याच्या तुलनेत सुटे भाग आणि फिरत्या खुर्च्या सरळ बाहेर ठेवा. नाहीतर २०२२ मध्ये रेघ एकदम उडी मारेल आणि तुम्ही कारण शोधत बसाल.

३. आकडे उतरवून घ्या

कॉमट्रेडमध्ये वार्षिक, आयात, अहवाल देणारा देश अमेरिका (८४२) आणि जपान (३९२), भागीदार "वर्ल्ड" (०) असं निवडा. पुरवठादारांसाठी नंतर वेगळी फाइल काढा. दोन्ही एकत्र काढलीत तर "वर्ल्ड" आणि चीन, व्हिएतनाम वगैरेंची बेरीज एकमेकांत मिसळते.

वाहतुकीचा प्रकार, सीमाशुल्काची पद्धत, दुसरा भागीदार असे स्तंभ दिसले तर सगळीकडे "टोटल" ठेवा. बोटीने, विमानाने आणि एकूण, अशा तिन्ही ओळी फाइलीत आल्या आणि पिव्होट टेबलने त्या बेरजेत घेतल्या की आकडा दुप्पट. हा प्रताप मी केलेला आहे.

तैवान यादीत सापडणार नाही. तो "अदर एशिया, एनईएस" या नावाने ४९० क्रमांकावर बसलेला असतो. फर्निचरमध्ये तैवान जुना खेळाडू, तेव्हा त्याला "इतर" म्हणून टाकून देऊ नका.

नगांचे आणि किलोंचे आकडे बघून मोह होईल. आवरा. अमेरिकेत बरंचसं फर्निचर नगावर मोजतात आणि कॉमट्रेडमध्ये दिसणारं वजन पुष्कळदा गणिताने काढलेलं असतं. शेजारी "अंदाजित" अशी खूण असते. ती बघूनच वापरा.

४. काकांचा प्रश्न: सीआयएफ की एफओबी?

एफओबी म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतची किंमत. सीआयएफ म्हणजे त्यात विमा आणि बोटीचं भाडं मिळवून, पोचलेल्या बंदरावरची किंमत. जपान आयात सीआयएफवर मोजतो. अमेरिकेच्या बातम्यांत आणि अहवालांत सहसा "कस्टम्स व्हॅल्यू" असते, म्हणजे भाडं आणि विमा वगळून. डेटावेबवर दोन्ही पर्याय आहेत. कॉमट्रेडच्या फाइलीत सीआयएफ, एफओबी आणि प्रायमरी असे तीन स्तंभ असतात. कुठला उचलला ते बघा. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया आयातही एफओबीवर मोजतात, हे त्या देशांवर काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मोबाइल फोनमध्ये हा फरक चिमूटभर असतो. फर्निचर मात्र पोकळ माल: कपाट पाठवताना आपण मुख्यतः हवा पाठवतो. समजा एका कंटेनरात २५,००० डॉलरचा माल आहे. भाडं २,००० असेल तर सीआयएफ २७,०००. भाडं १२,००० झालं तर ३७,०००. एक स्टूलही जास्त न येता आयात ३७ टक्क्यांनी वाढली!

आणि हे काही कल्पनेतलं नाही. चाळीस फुटी कंटेनरचं जागतिक सरासरी भाडं २०१९ मध्ये दीड हजार डॉलरच्या आसपास होतं, ते सप्टेंबर २०२१ मध्ये १०,००० च्या वर गेलं. चीनहून योकोहामा जवळ, लॉस एंजेलिस लांब. त्यामुळे भाडेवाढीचा फुगवटा दोन्ही देशांत सारखा नाही. २०२१-२२ चे आकडे वापरताना अमेरिकेचे दोन्ही प्रकारे काढा आणि मधली फट किती रुंदावली ते बघा. जपानचं असं वेगळं काढता येत नाही, म्हणून तिथे आलेखाखाली तळटीप द्या.

५. येन: जिथे माझी जपानची रेघ खाली गेली

कॉमट्रेड सगळं डॉलरमध्ये देतं. जपान मोजतो येनमध्ये. २०१२ मध्ये एका डॉलरला सरासरी ८० येन पडत होते. २०१५ मध्ये १२१. २०२४ मध्ये १५१.

आता समजा जपानने दर वर्षी अगदी तंतोतंत १,००० कोटी येनचं फर्निचर घेतलं. डॉलरमध्ये ते २०१२ ला साडेबारा कोटी दिसेल, २०१५ ला सव्वाआठ कोटी आणि २०२४ ला ६ कोटी ६० लाख. आयात "निम्म्यावर आली", आणि जपानी गिऱ्हाइकाने खर्चात एका येनचीही काटकसर केलेली नाही! हीच माझी खाली जाणारी रेघ. मी तिच्यावर "मागणी घटते आहे" असं लाल अक्षरांत लिहिलं होतं.

उलट बाजूही खरी आहे. व्हिएतनामचा कारखानदार भाव डॉलरमध्ये लावतो. येन पडला की तेच टेबल जपान्याला येनमध्ये महाग पडतं, मग येनमधली रेघ वर जाते आणि नग मात्र कमी आलेले असू शकतात. म्हणून जपानसाठी दोन रेघा काढा, येनमधली आणि डॉलरमधली. खरी गोष्ट बहुधा त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. निर्यातदाराच्या खिशात डॉलर येतात, तेव्हा त्याला डॉलरची रेघ महत्त्वाची. तिथल्या घरांत किती फर्निचर जातंय हे समजून घ्यायचं तर येनची.

६. महागाई

अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक २००० मध्ये १७२ होता, २०२३ मध्ये ३०५ च्या जवळ. म्हणजे २००० चे १०० डॉलर २०२३ चे १७७. वीस-पंचवीस वर्षांची रेघ काढताना हे न काढून टाकणं म्हणजे आजोबांच्या पगाराची आपल्या पगाराशी तुलना. जपानमध्ये मात्र याच काळात किंमती बरीच वर्षं जवळपास जागच्या जागी होत्या. दोघांना एकच निर्देशांक लावू नका. बारकाईने करायचं असेल तर अमेरिकेचं श्रम सांख्यिकी खातं आयात मालाच्या किंमतींचा वेगळा निर्देशांक काढतं, तो जास्त बरोबर.

७. निर्देशांक काढा, पण पायाचं वर्ष जपून

दोन्ही देशांना एका वर्षी १०० धरून पुढची वाढ दाखवायची, ही सोपी युक्ती. सगळा खेळ पायाच्या वर्षात आहे. फर्निचर घराच्या मागून येतं, म्हणून नव्या घरांच्या बांधकामाचे आकडे शेजारी ठेवा. अमेरिकेत २००५ मध्ये सुमारे २० लाख ७० हजार घरांचं काम सुरू झालं, २००९ मध्ये साडेपाच लाख. २००९ ला १०० धरलंत तर अमेरिका पुढची दहा वर्षं घोडदौड करताना दिसते. २००५ धरलंत तर ती कितीतरी काळ खड्ड्यातून वर येण्याची धडपड करत असते.

जपानची गोष्ट वेगळी. तिथे घरं २००६ मध्ये १२ लाख ९० हजार होती आणि २००७ मध्येच १० लाख ६० हजारांवर आली, म्हणजे जागतिक मंदीच्या आधी. भूकंपरोधक आराखड्यांतली बनवाबनवी २००५ मध्ये उघड झाली, त्यानंतर बांधकाम कायदा कडक झाला आणि परवानग्या अडकल्या. "दोन्ही देश मंदीत घसरले" असं एका वाक्यात उरकलंत तर हे निसटतं. मी तीन-तीन वर्षांची सरासरी पाया म्हणून घेतो.

माणशी आकडा काढायला एक भागाकार पुरे. फक्त बेडरूमच्या कोडात जपान मागे दिसला तर लगेच गरीब ठरवू नका. जुन्या पद्धतीच्या जपानी घरात भिंतीतच ओशिइरे नावाचं कपाट असतं आणि झोपायला जमिनीवर फुतोन, म्हणजे गुंडाळून ठेवायची गादी. पलंग आणि वॉर्डरोबची गरजच कमी.

८. पुरवठादार बघा, आणि तारखा हाताशी ठेवा

माझ्या मते सगळ्यात रसाळ भाग हाच. उरुग्वे फेरी या जागतिक व्यापार वाटाघाटींनंतर अमेरिका आणि जपान दोघांनीही बहुतेक लाकडी फर्निचरवरचं आयात शुल्क शून्यावर आणलं. तरी दोघांचे पुरवठादार वेगळ्या वाटांनी बदलले, आणि त्याचं कारण अमेरिकेने नंतर लावलेल्या खास शुल्कांत आहे. या तारखा आलेखावर उभ्या रेघांनी दाखवा:

- जानेवारी २००५: चीनच्या लाकडी बेडरूम फर्निचरवर अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्तात विकलेल्या मालावरचं जादा शुल्क). काही कंपन्यांना एक आकडी टक्के, ज्यांना वेगळा दर मिळाला नाही त्यांना १९८ टक्के.
- २४ सप्टेंबर २०१८: चिनी मालावर १० टक्के, त्यात फर्निचर आलं. १० मे २०१९ पासून २५ टक्के.
- एप्रिल २०२०: चीनच्या किचन कॅबिनेट आणि व्हॅनिटीवर (बाथरूममधल्या बेसिनखालच्या कपाटावर) अँटी-डम्पिंग.
- १४ ऑक्टोबर २०२५: गादीचं लाकडी फर्निचर, किचन कॅबिनेट आणि व्हॅनिटीवर २५ टक्के, आणि या वेळी चीनपुरतं नाही.

२००५ चं शुल्क फक्त बेडरूमवर होतं. म्हणून ९४०३५० आणि ९४०३६० शेजारी शेजारी ठेवलेत तर एकात चीनचा वाटा ढासळताना आणि दुसऱ्यात टिकलेला दिसतो. सगळे कोड एकत्र केलेत तर ही मजा नाहीशी होते. बेडरूममध्ये व्हिएतनाम शिरला तो तेव्हा, आणि २०१८-१९ नंतर तो चीनला मागे टाकून अमेरिकेचा सर्वात मोठा लाकडी फर्निचर पुरवठादार झाला.

इथे वार्षिक आकडे दगा देतात. २५ टक्के आधी १ जानेवारी २०१९ पासून लागणार होते, म्हणून आयातदारांनी २०१८ च्या अखेरीस गोदामं भरून घेतली. मग तारीख पुढे ढकलली. २०१८ फुगलेलं आणि २०१९ रोडावलेलं दिसतं ते काही अंशी यामुळे. शुल्काच्या आसपासची दोन वर्षं महिन्यावार काढा.

जपानने असं काही केलं नाही, तरी चीन आणि व्हिएतनाम हेच तिथेही मोठे. एक फरक आहे: नितोरीसारखी जपानी फर्निचर दुकानांची साखळी व्हिएतनाममध्ये स्वतःचे कारखाने चालवते. तो माल "आयात" असला तरी एकाच घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा. तिथे बाहेरच्या निर्यातदाराला दार किती उघडं आहे, हे आयातीच्या आकड्यावरून कळत नाही.

९. उलट तपासणी

जपान म्हणतो भारतातून इतकं आलं. भारत म्हणतो जपानला इतकं गेलं. दोन्ही आकडे कधीच जुळत नाहीत आणि जुळले तर मलाच संशय येतो. एक एफओबी, दुसरा सीआयएफ. न्हावाशेव्याहून डिसेंबरात सुटलेला कंटेनर तिकडे जानेवारीत उतरतो, म्हणजे पुढच्या वर्षात मोजला जातो. शिवाय भारत सरकारचे तक्ते एप्रिल ते मार्चचे, कॉमट्रेडचे जानेवारी ते डिसेंबरचे. जपान दोन्ही प्रकारे छापतो, त्यामुळे जपानी बातमीतला आकडा उचलताना कुठलं वर्ष ते बघा. आयात दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त असेल तर ठीक. दुप्पट असेल तर कोडात किंवा भागीदारात पाणी मुरतंय.

१०. वही

प्रत्येक फाइल उतरवली की तारीख, कोड, चलन, सीआयएफ की एफओबी, आणि नाममात्र की महागाई वजा करून, हे पाच रकाने वहीत भरा. देश आपले आकडे मागाहून सुधारतात. मार्चमध्ये उतरवलेलं गेल्या वर्षाचं जपान आणि ऑगस्टमध्ये उतरवलेलं तेच वर्ष यांत फरक पडतो. तेव्हा "तू आधी वेगळं सांगितलं होतंस" असं ऐकावं लागतं. मला लागलं. वही उघडून दोन तारखा दाखवल्या, विषय मिटला. त्या दिवसापासून काकांनीही माझ्या तक्त्यावर सही करण्याआधी वही मागायला सुरुवात केली आहे.